एक बैल म्हणजे हजार बैल

मुलांनो, वाशीम जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यात मानोरा तालुका शोधा. सापडला? आता त्या तालुक्यात पोहरादेवी हे नाव बघा. नकाशात एवढासा ठिपका! पण रामनवमीला इथे जी यात्रा भरते तिला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातून लाखो माणसं येतात. बंजारा समाज या गावाला आपली काशी म्हणतो. जगदंबा देवीचं देऊळ इथे आहे आणि संत सेवालाल महाराजांची समाधीही इथेच आहे.

यात्रेच्या दिवसांत गेलात तर गर्दीतून देवळापर्यंत पोचायलाच खूप वेळ जातो, आणि डोक्यावर चैत्राचं ऊन. म्हणून आम्ही भाद्रपदात गेलो. कपाशी कमरेएवढी झालेली, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, आणि टेकड्या अजून हिरव्या. आम्ही म्हणजे मी, आमच्या शाळेतली तिसरी-चौथीची सव्वीस मुलं, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि एक बुटांचं खोकं. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, खोक्यात काय हाये?" तर सगळी पोरं एकदम ओरडली, "बैल!"

खरंच बैल होते. चौदा. मातीचे, प्रत्येकी अंगठ्याएवढे.

आता हे बैल पोहरादेवीला कशाला निघाले होते, ते आधी सांगायला हवं.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा मोठ्यांच्या बैलांचा, तान्हा पोळा लहानांच्या बैलांचा. चाकं लावलेला लाकडी बैल सजवून मुलं घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. बोजारा म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. तान्हा पोळा झाला की बैल पुन्हा माळ्यावर. यंदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, वर्षभर यांच्याशी खेळता नाही येत का?"

प्रश्न चांगला होता. मी मुलांना सांगितलं, की जगात पुष्कळ लोक टेबलावर छोट्या छोट्या पुतळ्यांनी खेळतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं एक पुस्तकच लिहिलं. खेळण्यातल्या सैनिकांनी जमिनीवर लढाई कशी खेळायची, त्याचे नियम त्यात आहेत. वेल्स तेव्हा शेंबडा पोरगा नव्हता बरं, चांगला चाळिशी ओलांडलेला होता! आजही असे खेळ आहेत. त्यातली माणसं साधारण २८ मिलिमीटर उंच असतात, म्हणजे तुमच्या पट्टीवरचे तीन सेंटिमीटरही नाहीत. ती बिनरंगाची विकत मिळतात आणि खेळणारा ती घरी बसून स्वतः रंगवतो. कित्येकांना खेळण्यापेक्षा रंगवण्यातच जास्त गोडी.

आपल्याला तरी हे कुठे नवीन आहे? बुद्धिबळातले हत्ती-घोडे-उंट, सारीपाटाच्या सोंगट्या, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर कातळात कोरलेले खेळांचे पट सापडले आहेत. तो जुना व्यापारी रस्ता. थांबलेली माणसं वेळ कसा घालवत असतील, याचा अंदाज करा.

"पण सर, लढाईच कशाला पायजे?" तीच मुलगी म्हणाली. "माझी दादी सांगते, आपले लोक लढाईत धान्य पोचवायचे."

आमच्या वर्गातली निम्मी मुलं तांड्यावरची आहेत. तांडा म्हणजे बंजारा वस्ती. पण हा शब्द पूर्वी वस्तीचा नव्हता, चालत्या काफिल्याचा होता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून बंजारे देशभर फिरायचे. त्या व्यवसायाचं नाव लदेणी. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यानं 'तांडा' हाच शब्द लिहून ठेवला आहे. त्या एका तांड्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते, आणि एकेका बैलावर चार मण ओझं.

मी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि वर्ग गप्प झाला. आमच्या गावात सगळे मिळून शंभर बैल निघणार नाहीत. मग कोणीतरी गुणाकार केला, १४,००० गुणिले ४, बरोबर ५६,००० मण. आणि मग खेळाचा पहिला नियम ठरला. एक मातीचा बैल म्हणजे हजार बैल. चौदा बैल केले की झाला मंडीनं पाहिलेला तांडा तयार!

बैल करायला आधी मुलांनी शेतातली काळी माती आणली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बैलाच्या पाठीला भेग. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याचमुळे. मग ओढ्याकाठची पिवळसर चिकण माती आणली, चाळली आणि तिच्यात कापसाचे तंतू पिंजून मळले. कापूस मातीला धरून ठेवतो. शिंगांचा शोध एका पोरानं लावला. बाभळीचे काटे जोडीजोडीनं येतात, हुबेहूब शिंगांसारखे! टोकं नखकात्रीनं छाटली आणि ओल्या मातीत खोवली. एका बैलाचं डावं शिंग आखूड निघालं, कारण काट्याची जोडीच तशी होती. ते ज्या मुलानं केलं होतं त्यानं बदलू दिलं नाही.

बैल वाळले आणि मोठाच प्रश्न उभा राहिला. रंगवायचं काय? गाडीचा बैल सगळ्यांनी पाहिलेला. लदेणीचा बैल कोणीच पाहिलेला नाही. त्याच्या पाठीवरची गोणी कशी असते? कपाळावर काय बांधतात? बरोबर चालणाऱ्या बाईच्या ओढणीचा रंग कोणता? मोठं चित्र काढताना आपण काहीतरी रेघोट्या मारून वेळ मारून नेतो. पण अंगठ्याएवढ्या बैलावर रंगाचा एक ठिपका द्यायचा, तर तो ठिपका कशाचा आहे हे ठाऊक पाहिजे. म्हणून खोकं काखेत मारून आम्ही पोहरादेवी गाठली.

तिथे लांबूनच एक प्रचंड नगारा दिसतो. तो वाजवायचा नाही, त्याच्या आत जायचं! बंजारा समाजाचं संग्रहालय नगाऱ्याच्या आकारात बांधलं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चार मजले आणि तेरा दालनं. बंजारा भाषेत नगाऱ्याला नंगारा म्हणतात. बंजारांच्या सणात, भजनात, यात्रेत तो असतोच. तिसरीतल्या एका चिमुरड्यानं मान वर करकरून विचारलं, "सर, याच्यावर काठी मारायला केवढा माणूस लागंल?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

आत समाजाचा इतिहास, राहणी, मोठी माणसं असं बरंच काही मांडलं आहे. मुलांनी वह्या भरल्या. तांड्यावरची मुलं बाकीच्यांना सांगत होती, "हे आमच्या घरी हाये. हे पण हाये." एरवी वर्गात मागच्या बाकावर बसणारी ही मुलं त्या दिवशी पुढे होती आणि मी मागे. वही हातात घेऊन मागे चालण्यात मला मोठी मजा आली.

पण खरी शिकवणी झाली ती देवळाबाहेर, झाडाच्या सावलीत. दर्शन घेऊन आलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या तिथे टेकल्या होत्या. अंगात आरशांची कांचळी, खाली भरलेला फेटिया, केसांत घुगरी-टोपली. आखूड शिंगाच्या बैलाचा मालक सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसला. "याडी," अशी हाक मारून तो त्यांच्या बोलीत काहीबाही बोलला आणि खोक्यातला आपला बैल त्यानं एकीच्या तळहातावर ठेवला. याडी म्हणजे आई. वडीलधाऱ्या बाईलाही तसंच म्हणतात.

म्हातारीनं बैल डोळ्यांजवळ नेला. उलटा केला. मग खोक्यातले बाकीचे बघितले. सगळ्या बैलांच्या पाठीवर मुलांनी मातीच्या गोण्या थापल्या होत्या. ती मराठीत म्हणाली, "सगळेच ओझ्याचे? मग म्होरं कोण चालते?"

कोणालाच कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, की तांड्याच्या पुढे चालणाऱ्या बैलावर ओझं घालत नाहीत. तो देवाचा. त्याला फक्त सजवायचं.

मुलांनो, परत आल्यावर मी एक जुना ग्रंथ पाहिला. रसेल आणि हिरालाल या दोघांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेला हा मोठा इंग्रजी ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात हेच लिहिलेलं आहे! या बैलाचं नाव तिथे हटाडिया असं दिलं आहे. त्याच्यावर कधी ओझं नाही. अंगावर लाल रेशमाच्या पट्ट्या, गळ्यात आणि पायांत पितळी साखळ्या-कडी, किणकिणणाऱ्या घंटा, कवड्यांच्या माळा आणि रेशमी गोंडे. तो तांड्याच्या पुढे संथ चालायचा. दमून जिथे बसला, तिथेच त्या दिवसाचा मुक्काम. अडचण आली की माणसं त्याच्या पायाशी नवस बोलायची. हजारो बैल आणि शेकडो माणसं, आणि कुठे थांबायचं हे ठरवणार कोण, तर एक बैल.

बायकांच्या पुतळ्याही आम्ही नेल्या होत्या, तीन. त्यातली एक हातात घेऊन म्हातारीनं विचारलं, "हिचे हात उघडे काहून?" आणि आपला हात पुढे केला. कोपराच्या वर, थेट दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. त्यांना बलिया म्हणतात. पूर्वी त्या हस्तिदंताच्या असत, आता प्लास्टिकच्या असतात. चौथीतल्या मुलीनं तिथेच बसून वहीत बांगड्या मोजून लिहिल्या. तीन सेंटिमीटरच्या बाईच्या हातावर तेवढ्या मावणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. पण किती कमी करायच्या ते ठरवायला आधी किती आहेत ते माहीत हवं ना!

तर असे आम्ही परत आलो आणि पंधरावा बैल केला. त्याच्या पाठीवर गोणी नाही. त्याच्यासाठी पहिला नियमही बदलला. चौदा बैल म्हणजे प्रत्येकी हजार. पंधरावा म्हणजे एकच.

आता रंगवण्याची रीत सांगतो. तुम्हाला मावळे रंगवायचे असले तरी हीच. वाळलेल्या मातीवर थेट रंग दिला की माती तो पिऊन टाकते. म्हणून आधी पांढऱ्या रंगाचं पातळ अस्तर द्यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. त्यावर बैलाचा मूळ रंग. पोस्टर कलर चालेल, पण ओला हात लागला की तो निघतो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर पक्का राहतो. मग गंमत. तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो सगळ्या अंगावरून फिरवायचा. हे गढूळ पाणी खोलगट जागी, म्हणजे गोणीच्या चुण्यांत, पायांच्या फटीत, मानेच्या वळीत साचून वाळतं आणि तिथे आपोआप सावली दिसते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट रंग घ्यायचा, तो आधी कागदावर पुसून टाकायचा आणि उरलासुरला रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. पाठीचा कणा, खांदे, गुडघे उजळून निघतात. बैल एकदम ऊन पडल्यासारखा दिसतो. आरसे, कवड्या आणि बलिया यांना ब्रश नकोच. उदबत्तीची काडी तासून तिच्या टोकानं एकेक ठिपका द्यायचा. श्वास रोखून. आमच्या वर्गात इतकी शांतता मी फक्त तपासणीच्या दिवशीच पाहिली आहे.

खेळाचा पट जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढला. रेल्वे येण्यापूर्वी आपल्या वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर नागपूर, जबलपूरमार्गे उत्तरेतल्या मिर्झापूरच्या बाजारात जायचा. अंतर साधारण ८०० किलोमीटर. मंडीनं लिहिलं आहे, की तांडा दिवसाला सहा-सात मैल चालतो, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. करा भागाकार! आम्ही ८० घरं आखली. एक घर म्हणजे एक दिवस. फासे नाहीत, सात कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे. सगळ्या पालथ्या पडल्या तर हटाडिया बसला, सगळ्यांचा मुक्काम! वाटेत वाघाचं घर आहे. तिथे चार बैल एकत्र असले तर गोण्यांचं कुंपण करता येतं आणि वाघ परत जातो. एकटा बैल सापडला तर गेला. एक कुत्राही आहे, त्याचे नियम मुलं रोज बदलतात.

मग आली रेल्वे. नागपूरला १८६७ साली आगगाडी पोचली, हे मी सांगितलं. मुलांनी लगेच पटाच्या कडेनं आगपेटीच्या काड्यांचे रूळ घालायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीला एक काडी. रूळ नागपूरला टेकले की बैलावरच्या मालाचा भाव निम्मा. दोन दिवस खेळल्यावर तांड्यावरच्या एका मुलीनं डाव मोडला. म्हणाली, "दरवेळी रेल्वेच जिंकते. आम्ही कवाच नाही जिंकत." मोठा वाद झाला. नियम बदला, असं निम्म्यांचं म्हणणं. खरं घडलं ते कसं बदलणार, असं उरलेल्यांचं. मी मध्ये पडलो नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. रेल्वे येणारच, पण ती येईपर्यंत किती खेपा झाल्या ते मोजायचं. यंदाचा विक्रम तीन खेपांचा आहे, आणि तो डाव मोडणारीच्याच नावावर आहे.

लदेणी बंद पडल्यावर तांडे एका जागी बसले. कोणी शेती केली, कोणी मजुरी. आमच्या भागातली पुष्कळ घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, आणि काही मुलं आजीपाशी राहतातही. पण आखूड शिंगाच्या बैलाच्या मालकाला जावंच लागणार होतं. आईबाप फडात गेल्यावर धाकट्या बहिणीला कोण बघणार?

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "सर, माझा बैल नेऊ?"

वर्गात गडबड उडाली. एक गेला तर तेरा उरतात, तांडा मोडतो. कोणी म्हणालं, "हजार बैल एकटाच कसा नेतो रे तू?"

तो म्हणाला, "हजार कुठं नेतो? मी माझा एकच नेतो."

यावर कोणाला काही बोलता आलं नाही. औषधाच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून मुलांनी बैल नीट ठेवला. त्याची डावी बाजू रंगवायची राहिली होती, म्हणून बाटल्यांच्या दोन झाकणांत लाल आणि पांढरा रंग आणि उदबत्तीच्या चार काड्या बरोबर दिल्या. पटावर त्याच्या जागी आता एक कवडी असते. ती सगळ्यांबरोबर पुढे सरकते. पण तिच्यावरचा माल मिर्झापूरला विकायचा नाही, असा नियम मुलांनी केला आहे, त्यामुळे प्रत्येक डावाच्या शेवटी एक गोणी तशीच उरते.

फडावरून तांड्यावरची मंडळी परतली की रामनवमीला पोहरादेवी चुकवत नाहीत. यंदा ऊन असलं तरी आम्हीही जाणार आहोत. तुम्ही कोणी आलात तर देवळाबाहेरच्या झाडाखाली बघा. कॅलेंडर अंथरलेलं असेल. खेळायला बसा, पण कुत्र्याचे नियम आधी विचारून घ्या.